खाडीकाठचं मिश्र गाव, तीन प्रभाग आणि वाढत चाललेला अविश्वास: नेमकं काय करता येईल?

खाडीकाठ (धागाकर्ता)

रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या अडीच हजारांच्या वर, म्हणून सदस्य ९ आणि प्रभाग ३. खाली बंदराला लागून मोहल्ला आणि खारवीवाडी, मधल्या उतारावर कुणबी आणि मराठा वाड्या, अगदी वर सड्याच्या कडेला बौद्धवाडी. (जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण तोंडात अजून जुनीच नावं आहेत, म्हणून इथे तशीच लिहितोय.)

गेल्या निवडणुकीत मोहल्ल्यातून एकही सदस्य आला नाही. बौद्धवाडीची राखीव जागा भरली गेली, पण तो उमेदवार आमचा नव्हे असं वाडी उघड म्हणते. त्यानंतर प्रत्येक गोष्टीला तोच रंग चढतोय. नळाला पाणी आलं नाही की 'मुद्दाम बंद केलं'. मोहल्ल्यातल्या रस्त्याचं काम झालं की 'त्यांचे लाड'. आता शिमग्याच्या पालखीच्या वाटेवरूनही कुजबुज सुरू झाली आहे.

ऐक्याची भाषणं आणि एकत्र जेवणं करून झाली. फरक पडला नाही. पुढच्या निवडणुकीची प्रभागरचना, ग्रामसभा, पाणी आणि शिमगा, या चार ठिकाणी करता येण्याजोगं काय आहे? ज्यांनी ही कामं जवळून पाहिली आहेत त्यांनी कृपया नेमकं लिहावं.

गावनमुना

खाडीकाठ, कोणी काही गडबड न करताही तुमच्याकडे असा निकाल लागू शकतो. ग्रामपंचायतीच्या प्रभागात अ, ब, क अशा जागा असतात, प्रत्येक जागेची लढत वेगळी, पण मतदार तेच. समजा प्रभागात ६०० मतदार आहेत: ३३० मधल्या वाड्यांचे, १९० मोहल्ल्याचे, ८० बौद्धवाडीचे. ३३० जणांनी आपल्या पॅनेलला एकगठ्ठा मतं दिली तर तिन्ही जागा त्यांच्या. मोहल्ला आणि बौद्धवाडी एक झाली तरी २७० च होतात. म्हणजे ५५ टक्क्यांना १०० टक्के जागा आणि ४५ टक्क्यांना शून्य. राखीव जागेचंही तेच. उमेदवार अनुसूचित जातीचा असावा लागतो, पण त्याला निवडून देणारी मतं सगळ्या प्रभागाची असतात, त्यामुळे बहुसंख्य गटाला सोयीचा माणूस निवडून येतो. वाडीचा राग समजण्यासारखा आहे.

प्रभागरचनेचं प्रारूप तहसील कार्यालयात तयार होतं. तलाठी आणि ग्रामसेवक जागेवर फिरून सीमा धरतात. प्रारूप लागलं की हरकतीसाठी थोडेच दिवस मिळतात, आणि बहुतेक गावं तेवढ्या दिवसांत झोपलेली असतात. नकाशा आणि प्रगणक गटांची (जनगणनेसाठी पाडलेल्या घरांच्या गटांची) यादी त्याच दिवशी मागून घ्या. 'आमच्या समाजावर अन्याय झाला' एवढंच लिहिलेली हरकत टिकत नाही, कारण रचना लोकसंख्या, सलगता आणि नैसर्गिक सीमा यांवर होते. म्हणून हरकत त्याच भाषेत लिहायची: अमुक प्रगणक गट वहाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे असताना अलीकडच्या प्रभागात घातला आहे, त्यामुळे वाडी तुटते, दर सदस्यामागची लोकसंख्या अमुक प्रभागात इतकी आणि तमुक प्रभागात इतकी पडते, पर्यायी सीमा अशी असावी. सोबत हाताने काढलेला नकाशा, दोन्हीकडच्या लोकांच्या सह्या, आणि आवक क्रमांकासह पोच. सुनावणीला प्रांतांसमोर स्वतः हजर राहायचं. दोन वेगवेगळ्या वाड्यांनी मिळून घातलेल्या हरकतीला वजन जास्त येतं.

एक पेच मात्र आधीच गावात बोलून घ्या. मोहल्ला एकाच प्रभागात एकवटला तर त्यांचे एक-दोन सदस्य नक्की येतात, पण उरलेल्या दोन प्रभागांतल्या सदस्यांना मोहल्ल्याकडे बघण्याची गरज उरत नाही. विभागला तर मतांची किंमत तिन्ही प्रभागांत राहते, पण स्वतःचा माणूस येण्याची खात्री नाही. माझं मत एकवटण्याच्या बाजूने आहे. ज्या समाजाचा सभागृहात एकही माणूस नाही, त्याला इतिवृत्तातलं काहीच खरं वाटत नाही.

सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली आणि २०२२ पासून पुन्हा आहे. त्यामुळे सरपंचपदाच्या उमेदवाराला तिन्ही प्रभागांची मतं लागतात. लहान वाड्यांच्या हातातली खरी संधी ती आहे. अर्ज भरण्याआधी सगळ्या उमेदवारांना एकत्र बसवा, प्रत्येकाकडून वाडीनिहाय कामं आणि समित्यांतल्या जागा लिहून घ्या, आणि ते कागद चारही वस्त्यांत लावा. उपसरपंच सदस्यांतून निवडला जातो, तिथेही समजूत काढता येते.

आणि समित्या विसरू नका. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामसभा ग्रामविकास समित्या नेमू शकते. १२ ते २४ सदस्य, त्यात निम्म्या महिला, आणि एक तृतीयांश पंचायतीचे सदस्य. म्हणजे दोन तृतीयांश जागा मतपेटीतून न आलेल्या माणसांना मिळू शकतात. निवडणुकीत जे हातचं गेलं त्यातलं बरंच इथे भरून निघतं. तरी बऱ्याच गावांत ही यादी ग्रामसेवकाच्या टेबलावर दहा मिनिटांत बनते आणि त्यावर मागाहून सह्या घेतल्या जातात.

शेवटचा नळ

पाण्याबद्दल लिहितो, कारण मला वाटतं तुमच्या गावातला निम्मा अविश्वास पाइपातून वाहतोय.

तुमची रचना बघा. मोहल्ला खाली, बौद्धवाडी वर. टाकी मधल्या उतारावर असेल तर खालच्या नळांना दाब जास्त आणि वरच्या टोकाला धार नाही. मधल्या वाडीत कोणी नळाला थेट मोटर लावली की वरचा नळ फुसफुसतो आणि थांबतो. त्यात व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस एकच आणि त्याचं घर मधल्या वाडीत. हे सगळं एकत्र आलं की वरच्यांना जात दिसते आणि मधल्यांना उतार दिसतो. दोघांच्याही म्हणण्यात काही ना काही तथ्य असतं, म्हणून वाद घालण्याआधी मोजा.

१५ लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरे. प्रत्येक वाडीतला पहिला आणि शेवटचा नळ धरायचा. बादली भरायला किती मिनिटं लागतात आणि पाणी किती वेळ येतं, एवढंच लिहायचं. बादलीला ३ मिनिटं लागली म्हणजे मिनिटाला ५ लिटर. पाणी ४५ मिनिटं आलं तर २२५ लिटर. घरात ५ माणसं असतील तर माणशी ४५ लिटर. जलजीवन मिशनचं प्रमाण दरडोई दररोज ५५ लिटर आहे, म्हणजे ते घर कमी पडलं. सलग सात दिवस मोजा, आणि मोजणारे दोघे असू देत, एक त्या वाडीतला, दुसरा दुसऱ्या वाडीतला. दुसरा माणूस नसेल तर आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही आणि मेहनत वाया जाते.

मोजल्यावर उपाय दिसतात. वरच्या वाडीला वेगळी वेळ आणि तेवढा वेळ खालचा व्हॉल्व्ह बंद. वरच्या लाइनला स्वतंत्र लहान टाकी. नळाला लावलेल्या मोटरींवर ग्रामसभेचा ठराव करून जप्ती, आणि ती पहिल्यांदा एखाद्या सदस्याच्या घरी. पाणी सोडण्याची वही टाकीजवळ टांगलेली असावी: तारीख, व्हॉल्व्ह, उघडला किती वाजता, बंद किती वाजता, सही. एप्रिल-मे मध्ये टँकर आला तर तो कुठल्या वाडीत किती वाजता रिकामा झाला हेही त्याच वहीत.

पैशाचंही असंच करा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतीचे खर्च दिसतात, पण ते वाडीनिहाय मांडलेले नसतात. मांडावं लागतं. पाच वर्षांचा एक तक्ता: वाडी, घरं, काम, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, काम पुरं झाल्याची तारीख. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, ४० टक्के मोकळे. 'त्यांचे लाड' हा आरोप बहुधा या ४० टक्क्यांवरून होतो, म्हणून तो रकाना वेगळा दाखवा. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च व्हायला हवेत, तोही वेगळा. माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, प्रतींना पानामागे २ रुपये. तक्ता पंचायत, देऊळ, मशीद, विहार, रेशन दुकान आणि बंदरावरचा बर्फाचा कारखाना, सगळीकडे एकाच दिवशी लावा. आधी एकाच ठिकाणी लागला की बाकीच्यांना तो त्या गटाचा कागद वाटतो.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही. ही फट ओळखून ठेवा. नकोसे ठराव याच दुसऱ्या सभेत होतात, आणि तिला फक्त एकाच वाडीचे लोक आलेले असतात.

निशाणकाठी

शिमग्यावर.

कोकणात पालखीचे वाद धर्मापेक्षा मानावरून जास्त होतात: आधी कोणाच्या अंगणात, निशाण कोणाच्या खांद्यावर, सहाणेवर (पालखी ठेवायच्या ओट्यावर) कोण बसणार, गाऱ्हाणं कोण घालणार. कित्येक ठिकाणी असे वाद मानकऱ्यांच्या दोन गटांतच कोर्टापर्यंत गेले आहेत. पालखी मोहल्ल्यातून जाते तेव्हा या आतल्या चुरशीला बाहेरचं निमित्त मिळतं. ज्या गटाला आपला मान कमी झाल्यासारखा वाटतो, तोच मशिदीसमोर जास्त वेळ ढोल वाजवतो. म्हणून आधी मानकऱ्यांचं मिटवा, मग मोहल्ल्याशी बोला. बहुतेक शांतता समित्या नेमकं उलट करतात.

बैठक होळीच्या किमान तीन आठवडे आधी. पोलीस ठाण्यात नको, शाळेत घ्या. पोलीस पाटील, मानकरी, गुरव, मशिदीच्या जमातीचे विश्वस्त, प्रत्येक वाडीतल्या दोन बायका, आणि ढोलपथकातली पोरं. पोरांना कधीच बोलावत नाहीत आणि रस्त्यावर तर तीच असतात. कागदावर उतरवायच्या गोष्टी: वाट, प्रत्येक थांब्याची वेळ, मशिदीसमोर थांबायचं की चालत राहायचं, प्रथा असेल तर ती नेमकी कोणती आणि ती कोण पार पाडणार, गुलाल कुठवर. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो. २०२५ आणि २०२६ मध्ये शिमगा रमजानमध्येच आला. असं असेल तेव्हा मगरीबच्या नमाजाची वेळ (मार्चमध्ये संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास) आणि रात्रीच्या तरावीहच्या नमाजाची वेळ टाळून पालखीची वेळ धरली की निम्मं काम होतं. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा नियम २००० पासून आहे आणि तो दोन्ही बाजूंना सारखा लावावा. एका बाजूला सूट दिली की पुढची दहा वर्षं ती ऐकून घ्यावी लागते.

मुंबईकर मंडळाला बैठकीत घ्याच. चाकरमानी चार दिवसांसाठी येतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षभर असतात. गावात राहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात जायचं असतं, त्याच होडीवर चढायचं असतं, म्हणून तो जपून बोलतो. परळ-नालासोपाऱ्यात बसलेल्याला तशी अडचण नाही. मंडळाच्या अध्यक्षाची सही त्या कागदावर असली पाहिजे.

चित्रीकरणही ठरवून करा. दोन माणसं, दोन्हीकडची, पालखी मोहल्ल्याच्या वेशीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत न थांबता चित्रण करतील आणि प्रत पोलीस पाटलांकडे राहील. मार्च २०२५ मध्ये राजापुरात मशिदीच्या दरवाज्याशी गोंधळ झाला, गुन्हे दाखल झाले, आणि छोटी चित्रफीत 'मशिदीवर हल्ला' म्हणून देशभर फिरली. मशिदीच्या पायरीला होळीचा माड टेकवण्याची जुनी रीत तिथे आहे, हे बाहेर बघणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. अखंड चित्रण हाताशी असेल तर तासाभरात उत्तर देता येतं.

मिरवणुकीवरून काय होऊ शकतं हे कोकणाने पाहिलं आहे. ७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, ती जळगावला आणि आपल्या महाडपर्यंत पोचली. मादोन आयोग त्याच्याच चौकशीसाठी नेमला होता. त्याच भिवंडीत १९८४ ला पुन्हा दंगल झाली. पण १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि डिसेंबर १९९२, जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या सणापुरत्या नव्हत्या. वस्तीतच बसून गटार, भाडं, पोरांची मारामारी असले रोजचे तंटे सोडवायच्या, आणि त्यात पुढाऱ्यांपेक्षा वस्तीतली साधी माणसं होती. तुमच्या समितीची वर्षातली पहिली बैठक जर शिमग्यासाठीच होत असेल तर उशीर झालेला आहे.

दर्यावर्दी

गावनमुना यांच्याशी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. एकवटण्याचा मार्ग पुढे 'मोहल्ल्याची जागा', 'बौद्धवाडीची जागा' अशा कायमच्या वाटणीकडे जातो. तसं केल्यावर काय होतं ते मॉरिशसकडे बघून कळतं.

उदाहरण लांबचं नाही. रत्नागिरीच्या बाजूने एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज तिथले मराठी आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. आणि निवडणुकीची रचना तुमच्या प्रभागासारखीच: २० मतदारसंघ, प्रत्येकातून ३ सदस्य, मतदाराला ३ मतं, शिवाय रॉड्रिग्ज बेटाचे २. एकूण ६२. एकगठ्ठा मतांचा परिणामही तोच: १९८२ आणि १९९५ मध्ये एकाच आघाडीने मॉरिशस बेटावरच्या ६० पैकी ६० जागा नेल्या. स्वातंत्र्याआधी जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईसमध्ये क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल झाली होती, त्यामुळे कोणताही समाज सभागृहाबाहेर राहू नये ही भीती खरी होती. उपाय म्हणून पराभूतांपैकी जास्तीत जास्त ८ जणांना घेण्याची 'बेस्ट लूझर' पद्धत ठेवली. कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजातला, हरलेल्यांत सर्वांत चांगली मतं घेतलेला उमेदवार आत येतो.

त्याने लहान गटांना आधार मिळाला हे नाकारत नाही. पण त्यासाठी प्रत्येक उमेदवाराने अर्जावर आपला समाज लिहायचा: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन किंवा 'सर्वसाधारण लोकसंख्या'. गणित अजूनही १९७२ च्या जनगणनेवर चालतं, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणं थांबलं. कोणत्याच रकान्यात बसायचं नाही असं म्हणणाऱ्यांनी दाद मागितली आणि २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांची बाजू धरली. ही पद्धत मोडणं मात्र सोपं ठरलेलं नाही.

म्हणून जागा समाजाला बांधू नका, वाडीला आणि कामाला बांधा. पाणी समितीत 'वरच्या टोकाचे दोन, खालच्या टोकाचे दोन'. बंदर समितीत 'छोट्या होड्यांचे दोन, ट्रॉलरवाल्यांचे दोन, मासळी विकणाऱ्या बायका दोन'. माणसं बहुतेक तीच येतील, पण ती आत बसून पाण्याबद्दल आणि मासळीबद्दल बोलतील. कोकणात अशी जूट याआधी झाली आहे. अलिबागजवळ चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ चालला तो खोतीविरुद्ध (जमिनीवरच्या खोतांच्या वतनी हक्काविरुद्ध), कुळं म्हणून. आणि १० जानेवारी १९३८ ला खोतीविरुद्ध मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला त्यात कुणबी आणि महार कुळं बरोबरीने होती.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. बादलीचं मोजमाप याच आठवड्यात सुरू करतो. आज एक नवीन गोष्ट झाली, तातडीने विचारतो. गावच्या एका ग्रुपवर संदेश फिरतोय: मोहल्ल्यातल्या रिक्षेत बसू नका, त्यांच्या दुकानातून माल घेऊ नका. आणि जे मधल्या वाडीतले लोक हे मानणार नाहीत त्यांच्या घरच्या कार्याला कोणी जायचं नाही, असंही खाली लिहिलंय. यावर कायदा आहे ना?

दस्तऐवज

आहे, पण तीन वेगळे लागू होतात, आणि चुकीच्या कायद्याखाली तक्रार गेली की ती तिथेच अडकते.

वाळीत टाकण्याविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा (जुलै २०१७ पासून लागू) मुख्यतः त्याच समाजातल्या माणसाला समाजाने बहिष्कृत करण्याबद्दल आहे. रायगडातल्या गावकीने (गावच्या पंचांनी) वाळीत टाकल्याच्या प्रकरणांची पार्श्वभूमी त्याला होती. म्हणजे संदेशाचा दुसरा भाग, 'जो मानणार नाही त्याच्या कार्याला जायचं नाही', यात बसतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्र.

मोहल्ल्याविरुद्धच्या आवाहनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (धर्मावरून वैर वाढवणं) आणि ३५३ बघावं लागेल. उद्या असाच संदेश बौद्धवाडीबद्दल आला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं किंवा तशी धमकी देणं हा त्यात कलम ३(१)(झेडसी) खाली स्वतंत्र गुन्हा आहे. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळालेला आहे, तेव्हा 'धर्म बदलला म्हणून लागू नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जातीचा दाखला सोबत ठेवा.

पुरावा आत्ता जपा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ज्या फोनवर संदेश आला तो तसाच ठेवा, ग्रुप सोडू नका, संदेश पुसू नका, संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून घ्या, पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल असं दुसऱ्या फोनने चित्रण करा. न्यायालयात साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्याचा एक भाग ज्याच्या फोनमध्ये मूळ आहे त्याने द्यायचा आणि दुसरा तज्ज्ञाने.

ठाण्यात लेखी तक्रार द्या, शक्यतो दोन्हीकडच्या सह्यांनी. घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला आजच सांगा की संदेश पाठवण्याची मुभा फक्त अ‍ॅडमिनपुरती ठेवावी आणि तो संदेश चुकीचा आहे असं त्याच ग्रुपवर लिहावं. जीवाला धोका वाटला तर ११२.

गावनमुना

दर्यावर्दींचा वाडी आणि काम धरण्याचा मुद्दा समित्यांपुरता मला मान्य आहे. प्रभागाबद्दल मत बदललेलं नाही.

खाडीकाठ, दस्तऐवज यांनी सांगितलेली तक्रार आज देताना सोबत विशेष ग्रामसभेची मागणीही सरपंचांकडे लेखी द्या. विषय एकच ठेवा: व्यवहारबंदीच्या आवाहनाला ग्रामसभेचा विरोध. त्यात पाणी, रस्ता, पालखी काहीही मिसळू नका, मिसळलं की ठराव अडकतो. ठराव इतिवृत्तात लिहून सभेतच वाचून दाखवायला सांगा, आणि सही करणाऱ्यांत मोहल्ल्याच्या रिक्षेने रोज बाजारात जाणारी मधल्या वाडीतली माणसं पहिली घ्या.